चुकारा (विकलेल्या शेतमालाचे पैसे) हंगामात येतो, हप्ता दर महिन्याला येतो : घरखर्च आणि कर्जफेड यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार. घरचे कर्ज चार लोकांसमोर मांडणे सोपे नसते, म्हणून बरेच दिवस लिहू की नको या विचारात होते. आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे. चार एकरांत कपाशी आणि तिच्यात तुरीची तासे, दोन एकरांत सोयाबीन. घरात मुलांचे बाबा, मी, सासूबाई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. मी घरी शिवणकाम करते. मुलांचे बाबा नांगरणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आणि हिवाळ्यात जिनिंगवर जातात.

गेल्या हंगामात (२०२४-२५) २४ क्विंटल कापूस झाला. त्यातला नऊ क्विंटल नोव्हेंबरात घरूनच खेडा खरेदीत ६,८०० रुपयांनी द्यावा लागला, ११ क्विंटल जानेवारीत सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ७,४२१ रुपयांनी गेला आणि शेवटची चार क्विंटल कवडी (अखेरच्या वेचणीचा हलका कापूस) ६,२०० रुपयांनी विकली. सोयाबीन दहा क्विंटल झाले. हमीभाव ४,८९२ रुपये असतानाही ते ४,००० रुपयांनी विकले, कारण दिवाळी तोंडावर होती. तूर तीन क्विंटल, सात हजारांनी. म्हणजे शेतातून सुमारे २ लाख २८ हजार आले आणि बी-बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी मिळून १ लाख २ हजार गेले. याशिवाय शिवणकामाचे वर्षाला ३६ हजार, ट्रॅक्टर आणि जिनिंगचे ४० हजार, पीएम किसान व नमो शेतकरी योजनेचे १२ हजार आणि लाडकी बहीण योजनेचे १८ हजार. शिवणकामाचे उत्पन्न दर महिन्याला सारखे नसते. दिवाळीत आणि लग्नसराईत महिन्याला सात-आठ हजार मिळतात, आषाढ-श्रावणात कधी बाराशेसुद्धा होत नाहीत.

आता कर्ज. गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे पीक कर्ज १ लाख १० हजार. कृषी केंद्राची उधारी ३८ हजार. महिलांच्या गटामार्फत दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांचे कर्ज, एकाचे ४२ हजार शिल्लक आणि हप्ता २,४५०, दुसऱ्याचे ३१ हजार शिल्लक आणि हप्ता २,१००. आणि सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी गावातल्या एका माणसाकडून शेकडा पाच रुपये महिन्याने घेतलेले ६० हजार. त्याला दर महिन्याला ३,००० प्रमाणे १४ महिने दिले, पण मुद्दल जिथल्या तिथे आहे. त्याच्याकडे आमची सही असलेला एक कोरा स्टॅम्प पेपर आणि सही केलेला एक चेक आहे.

घरखर्च काटकसरीने महिन्याला ११ हजार होतो. मार्चअखेर सोसायटीचे नवे-जुने (जुने कर्ज भरून पुन्हा नवे घेणे) करण्यासाठी आम्ही आडत्याकडून आठ दिवसांकरिता पैसे घेतो आणि त्यापोटी त्याला २,००० रुपये देतो. जूनपासून घरात पैसा नसतो, म्हणून खत उधारीवर येते. हे सगळे आकडे मुलीच्या जुन्या वहीत पहिल्यांदाच एका पानावर लिहिले तेव्हा हात थरथरत होता, कारण बेरीज २ लाख ८१ हजार झाली. मुलांचे बाबा त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि उठून वावरात गेले.

आता सोयाबीन सोंगणीला आले आहे आणि महिनाभरात सीतादही (कापसाच्या पहिल्या वेचणीआधीची पूजा) होऊन वेचणी सुरू होईल. पैसे हातात आले की आधी कोणाचे द्यावेत? जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने कसे काढावेत? आणि गावात सगळे म्हणतात की कर्जमाफी होणार आहे, सोसायटीचे भरू नका. ते ऐकावे का?

उत्तर : सेवानिवृत्त गटसचिव (सेवा सोसायटीचे सचिव), दर्यापूर, जि. अमरावती

ताई, तुम्ही ते पान लिहिलेत हे फार चांगले केलेत. मी ३१ वर्षे सोसायट्यांचे काम पाहिले. वसुलीला गेल्यावर दहापैकी आठ घरांत असे दिसे की कर्ज किती आहे हे नवऱ्याला अर्धे आणि बायकोला अर्धे माहीत असते, आणि दोन्ही अर्धे कधी एका कागदावर आलेले नसतात.

कर्जाकडे रकमेवरून पाहू नका, दरावरून पाहा. तुमचे सगळ्यात मोठे कर्ज सोसायटीचे दिसते, पण ते सगळ्यात स्वस्त आहे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले की केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून त्याचे व्याज शून्य टक्के पडते. काही बँका व्याज आधी भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यावर जमा करतात, म्हणून मुद्दलाबरोबर तेवढी रक्कम हाताशी ठेवा. याउलट गावातल्या त्या माणसाचा दर वर्षाला शेकडा ६० आहे. ६० हजारांवर तुम्ही वर्षाला ३६ हजार देता, म्हणजे तुमच्या सीसीआयला गेलेल्या ११ क्विंटलपैकी जवळजवळ पाच क्विंटल कापूस दरवर्षी त्याच्या घरी जातो आणि कर्ज एक रुपयाने कमी होत नाही. मुलांच्या बाबांना हा हिशेब क्विंटलमध्ये सांगा, रुपयांत सांगू नका. कास्तकाराला क्विंटल दिसतो.

आता कायदा पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण घेऊन वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के यापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. विनातारण दराने तुमच्या ६० हजारांचे १४ महिन्यांचे व्याज ८,४०० रुपये होते. तुम्ही ४२ हजार दिले आहेत. वरचे ३३,६०० मुद्दलात धरले, तर तुमच्याकडे केवळ २६,४०० रुपये निघतात. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात परवानाधारक सावकारांची यादी असते. आधी तिथे जाऊन त्या माणसाचे नाव आहे का ते पाहून या. नसेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण माझा अनुभव असा की गावात एकाच पाराखाली बसणाऱ्या माणसांत तक्रारीआधी एकदा चार जाणत्या माणसांसमोर बोलणे व्हावे. हा हिशेब कागदावर मांडून दोन्ही बाजूंनी पटेल असा आकडा ठरवा आणि एकदाच देऊन मोकळे व्हा. कोरा स्टॅम्प आणि चेक हातात आल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. शेत जाते ते बहुतेक वेळा अशा कोऱ्या कागदावर पुढे लिहिलेल्या मजकुरामुळे जाते, म्हणून ही गोष्ट मी सगळ्यात निकडीची मानतो.

त्यासाठी एकदम रक्कम कुठून आणायची? घरात दोन तोळे सोने असेल तर ते बँकेत तारण ठेवा. बँकेचा दर ठिकाणानुसार बदलतो, पण वर्षाला शेकडा दहा धरा. ६० हजारांवर सहा हजार. शिवाय त्याला मासिक हप्ता नसतो, वर्षाच्या आत एकरकमी भरता येते, त्यामुळे हंगामी पैसा असलेल्या घराला ते सोयीचे पडते. अंगावरचे सोने बँकेत जाताना जीव तुटतो हे मला कळते. माझ्या बायकोची पोत १९९८ मध्ये अशीच गेली होती आणि दोन हंगामांनी परत आली. पण ती पोत कुठे आहे आणि किती रुपयांत सुटेल हे आम्हाला रोज माहीत होते.

तुमच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला जास्त खुपली. सोसायटीचे १ लाख १० हजार एप्रिल-मे मध्ये पुन्हा मिळतात आणि वेचणी सोडली तर तुमचा लागवडीचा खर्च ८० हजारांच्या आसपास आहे. मग खत उधारीवर का यावे? कारण ते पीक कर्ज मे-जूनमध्ये चुलीत आणि हप्त्यांत जाते. कृषी केंद्राची उधारी हे तुमचे वेगळे कर्ज नाही, ते घरखर्चाचे कर्ज खताच्या नावाने लिहिले गेले आहे. पीक कर्ज हातात आले की त्याच आठवड्यात खत आणि बियाणे रोखीने घ्या. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यांतला फरक तुम्हाला पहिल्याच पावतीवर दिसेल. एक रुपयातील पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला असून आता सोयाबीनला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के आणि कापसाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा आहे. तोही याच रकमेतून बाजूला काढा.

आडत्याच्या २,००० रुपयांचेही तेच. आठ दिवसांसाठी १ लाख १० हजारांवर दोन हजार म्हणजे वर्षाच्या दराने शेकडा ८० च्या वर. जानेवारीचा चुकारा आला की त्यातली सोसायटीची रक्कम त्याच दिवशी सोसायटीत भरा. मार्चची वाट पाहू नका.

उत्तर : महिला बचत गटाची कार्यकर्ती, समुद्रपूर, जि. वर्धा

ताई, काकांनी कर्जाचे सांगितले, मी घराचे सांगते. मी स्वतः कास्तकाराच्या घरची आहे आणि दहा वर्षांपासून गटांचे हिशेब लिहिते.

आपल्या घरात नोव्हेंबरात पैसा येतो तेव्हा तो खूप वाटतो, कारण तो मागच्या चार महिन्यांच्या ओढीनंतर आलेला असतो. प्रत्यक्षात तो पुढच्या अकरा महिन्यांचा असतो. म्हणून मी आमच्या घरात पगाराची पद्धत सुरू केली. शेतातला प्रत्येक चुकारा एकाच खात्यात जातो आणि त्या खात्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम मी काढते. नोव्हेंबरातही तेवढीच, जुलैतही तेवढीच. नवऱ्याने सुरुवातीला विचारले की स्वतःचे पैसे असताना हात का आवळायचा, तेव्हा मी त्यांना ऑगस्टमधली आमची उसनवारी दाखवली. त्या एका महिन्यात आम्ही तीन घरांतून साखर आणि तेल आणले होते.

तुमच्या ११ हजारांचे दोन भाग करा. रोजचा किराणा, तेल, भाजी, गॅस, वीज, औषध, प्रवास यांना ९,५०० धरा. उरलेले दीड हजार महिन्याला, म्हणजे वर्षाचे १८ हजार, हे ज्या खर्चाची तारीख आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी ठेवा. जूनमधली वह्या-पुस्तके आणि गणवेश, पोळा, दसरा-दिवाळी, उन्हाळ्यातल्या लग्नांचे अहेर. हे खर्च दरवर्षी येतात, तरी आपण प्रत्येक वेळी अचानक आल्यासारखे उसने काढतो. अहेराची एक रक्कम ठरवा आणि ती सगळ्यांना सारखी द्या. यावर नातेवाईक बोलतील, बोलू द्या.

तुम्ही शिवणकाम करता म्हणून माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. उरलेल्या ब्लाउजपिसांच्या मी चार पिशव्या शिवल्या आहेत, प्रत्येकीला नाडी. एक तारखेला ९,५०० चे चार भाग करून चार आठवड्यांच्या पिशव्यांत घालते. आठवडी बाजाराला जाताना फक्त त्या आठवड्याची पिशवी घेते. शेवटच्या पिशवीत दोन दिवस जास्त पडतात, म्हणून तिच्यात थोडे अधिक ठेवते. मोबाईलवरून पैसे दिले की ते गेल्यासारखे वाटत नाहीत, पिशवी हलकी झाली की हाताला कळते.

आता जुलै ते सप्टेंबर. मी तुमचे आकडे मांडून पाहिले. सावकाराचा तीन हजारांचा भार गेला आणि कृषी केंद्राचे ३८ हजार व सोसायटीचे कर्ज या हंगामात भरले, तर मार्चअखेर तुमच्याकडे साधारण वीस-बावीस हजार राहतात. त्यांची त्याच दिवशी तीन महिन्यांची ठेव करा आणि मुदत जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपेल असे पाहा. खात्यात मोकळे राहिले तर ते मे महिन्यातल्या लग्नांत जातील. आम्ही त्या ठेवीला घरात ‘पोळ्याचे पैसे’ म्हणतो, त्यामुळे तिला हात लावताना सगळ्यांना विचार करावा लागतो.

शिवणकामाचे उत्पन्न सरासरीने धरू नका, सगळ्यात कमी महिन्याचे धरा. महिन्याला १,२०० एवढेच माना. त्याच्या वर जे येईल ते दिवाळीत आणि लग्नसराईत लगेच मायक्रोफायनान्सच्या पुढच्या हप्त्यांसाठी वेगळे ठेवा. तुमच्या पहिल्या कर्जाचे साधारण २१ आणि दुसऱ्याचे १८ हप्ते शिल्लक असावेत, ते कार्डावर मोजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्सचे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन किंवा भेट करता येत नाही, आणि सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असे कर्ज देता येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण दोन कर्जे असलेल्या बाईच्या दारात तिसरी कंपनी येतेच, आणि गटातल्या मैत्रिणीही आग्रह करतात. एकदा ठामपणे नाही म्हणा. गावात उमेदचा (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) बचत गट असेल तर त्यात बसा. तिथे अडीनडीला दोन-पाच हजार मिळतात आणि त्याचे व्याज गटातच राहते.

मुलीलाही हिशेबात घ्या, ती नववीत आहे. आमच्या मुलीने एकदा किराण्याच्या चिठ्ठीची बेरीज तपासली आणि दुकानदाराची ६० रुपयांची चूक काढली. त्या दिवसापासून वही तीच लिहिते.

उत्तर : कास्तकार, कारंजा (लाड), जि. वाशीम

ताई, कर्जमाफीच्या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे आहे, कारण ती चूक मी केली आहे.

मी सोसायटीचे पहिले पीक कर्ज २०१८ मध्ये घेतले आणि २०१९ मध्ये वेळेवर फेडले. त्याच वर्षी पुन्हा घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली आणि गावातल्या थकीत लोकांचे दोन लाखांपर्यंत माफ झाले. ते पाहून मी २०२० चा भरणा थांबवला. पण ती योजना ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्यांसाठी होती आणि माझे कर्ज त्या दिवशी थकीत नव्हते. पुढे २०२२ मध्ये नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम मिळाली, पण तिला २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० यांपैकी दोन वर्षांची फेड लागत होती. माझे एकच वर्ष भरले. शेजारच्या धुऱ्यावरचा माणूस माफीत बसला, पलीकडचा प्रोत्साहनात बसला आणि मी दोन्हींतून गेलो. त्यानंतर तीन हंगाम सोसायटीने मला उभे केले नाही आणि पेरणी दीडीच्या (हंगामानंतर दीडपट परत द्यायच्या) पैशावर झाली. माफीचे निकष आणि तारीख सरकार नंतर ठरवते, ती आपल्या सोयीने पडेल हे धरून चालता येत नाही. तुमचे कर्ज नियमित आहे, ते नियमित ठेवा. माफी आली आणि त्यात बसलात तर चांगलेच आहे.

दुसरे सोयाबीनचे. दिवाळीसाठी दहा क्विंटल एकदम विकू नका. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना काही बाजार समित्या राबवतात, तुमच्या समितीत चालू आहे का ते विचारा. माल समितीच्या गोदामात ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाला ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. ४१ हजारांच्या मालावर ३० हजार घेतले तर चार महिन्यांचे व्याज ६०० रुपये. भाव वाढेलच असे नाही. एका वर्षी मी मार्चपर्यंत थांबलो आणि भाव ऑक्टोबरपेक्षा खालीच होता. तरीही मला ही योजना उपयोगी वाटते, कारण घाईत ओले सोयाबीन विकताना जी कपात होते ती टळते. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि मळणीनंतर आठ दिवस ताडपत्रीवर वाळवले नाही तर तो बसत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० ठरला. सीसीआयला कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, ती राहिली असेल तर आजच करून घ्या. तुमचे नऊ क्विंटल गेल्या वर्षी सीसीआयपेक्षा ६२१ रुपये कमी भावाने गेले. साडेपाच हजारांच्या वर तिथेच गेले, म्हणजे तुमच्या एका महिन्याच्या दोन्ही हप्त्यांहून जास्त.

उत्तर : आशा सेविका, पुसद

ऑपरेशनसाठी कर्ज काढावे लागले हे वाचून वाईट वाटले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि यवतमाळसह १४ जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना पांढऱ्या शिधापत्रिकेवरही तिचा लाभ होता. सगळ्यांची आयुष्मान कार्डे आजारपण येण्याआधीच काढून ठेवा. दवाखान्यात भरती होतानाच आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या प्रतिनिधीला) भेटा, बिल भरल्यावर काही करता येत नाही.

प्रश्नकर्ती, दहा दिवसांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी मुलांच्या बाबांना क्विंटलमध्ये हिशेब सांगितला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतः म्हणाले की दारव्ह्याला जाऊन यादी पाहू. यादीत त्या माणसाचे नाव नाही. मग माझा चुलत भाऊ आणि गावातले दोन मोठे लोक यांना घेऊन आम्ही त्या सावकाराकडे बसलो. हिशेबाचा कागद पाहून ते आधी रागावले, दिलेले व्याज मुद्दलात धरणार नाही म्हणाले. शेवटी दसऱ्याआधी ४५ हजार आणले तर स्टॅम्प आणि चेक परत देतो, असे सगळ्यांसमोर कबूल केले.

माझ्याकडे दोन तोळ्यांची एकदाणी (गळ्यातला सोन्याचा दागिना) आहे, माहेरची. बँकेत विचारून आले, ४५ हजार सहज मिळतात. सासूबाईंना हे कळल्यावर त्या रडल्या आणि म्हणाल्या की माझ्या दुखण्यापायी तुझे सोने चालले. त्यांना समजावणे मला सावकारापेक्षा कठीण गेले. मुलीने वहीत नवीन पान काढून वर ‘एकदाणी’ असे लिहिले आहे आणि खाली ४५ हजारांपासून उतरते आकडे मांडले आहेत. सोयाबीन वाळत घातले आहे.

एक विचारायचे आहे. ४५ हजारांवर बोलणी मान्य करावीत, की २६ हजारांवर अडून राहावे? आणि पैसे देताना नेमके काय लिहून घ्यावे?

उत्तर : सेवानिवृत्त गटसचिव, दर्यापूर

ताई, कायद्याने तुमची बाजू २६ हजारांची आहे आणि तुम्ही तक्रार केलीत तर मी तुम्हाला अडवणार नाही. पण चौकशी चालेल तितके महिने तो कोरा स्टॅम्प त्यांच्याकडे राहील, म्हणून माझ्या मुलीच्या घरी हा प्रसंग असता तर मी ४५ हजार देऊन कागद सोडवले असते. तुमचे वर्षाचे ३६ हजार वाचतात आणि बँकेचे व्याज साडेचार हजार जाते.

पैसे रोख देऊ नका, बँक खात्यातून द्या. देण्याआधी साध्या कागदावर असे लिहून घ्या की, अमुक तारखेला घेतलेल्या ६० हजार रुपयांपोटी आजवर मिळालेली सर्व रक्कम आणि आजचे ४५ हजार धरून संपूर्ण व्यवहार मिटला आहे, अमुक क्रमांकाचा स्टॅम्प आणि अमुक क्रमांकाचा चेक परत दिला आहे, यापुढे कोणतेही येणे नाही. त्यावर त्यांची सही, तुमच्या दोघांची सही आणि त्या दोन मोठ्या माणसांची साक्षीदार म्हणून सही. स्टॅम्पचा क्रमांक तुम्हाला आठवत नसेल, तर तो हातात आल्यावर तुमची सही नीट पाहा, झेरॉक्स परत देण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. चेकचा क्रमांक तुमच्या चेकबुकच्या पानांवरून निघेल. त्याच दिवशी बँकेत त्या क्रमांकाचा चेक थांबवण्याचा अर्जही देऊन ठेवा. आणि सातबारा व फेरफार एकदा काढून पाहा, शेतावर दुसऱ्या कोणाची नोंद चढलेली नाही ना हे दसऱ्याआधी कळले पाहिजे.